हृदयाची लय बिघडते तेव्हा : ‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका

(नाशिक येथील युवक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बंधू-भगिनींनो, सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. मी इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहितो. तरी संयोजकांनी मला बोलावलं, कारण या विषयात तीन वर्षं मी स्वतः रुग्ण होतो आणि त्याहून जास्त काळ रुग्णाचा नातेवाईक आहे. त्यामुळे आज मी जे सांगेन ते ऐकून उद्या कुणी मेडिकलमधून गोळी आणू नये. डॉक्टरांकडे वेळेवर जावं आणि गेल्यावर नीट सांगता यावं, एवढ्यासाठीच हे भाषण आहे.

आधी एक काम करूया. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. नाडी लागली? ज्यांना लागत नाही त्यांनी घाबरू नका, थोडं सरकवून बघा. आता अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. शांत बसलेल्या माणसाचा आकडा साधारण ६० ते १०० मध्ये येतो. पण आकड्यापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची आहे. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं आहे का? श्वास घेताना-सोडताना किंचित फरक पडतो, तो चालतो. घड्याळासारखी टिकटिक आहे, की मधूनच ठोका गायब, मग दोन घाईघाईने, मग पुन्हा थांबा, असा गोंधळ आहे? हे लक्षात ठेवा. शेवटी मी याच जागी परत येणार आहे.

माझा बग आणि हरवलेला लॉग

मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. रात्रीचे दीड वाजले होते, कामाचा कॉल चालू होता आणि अचानक छातीत कुणी बटण दाबावं तशी धडधड सुरू झाली. हळूहळू वाढली नाही. एकदम सुरू झाली. गळ्यापर्यंत ठोके जाणवत होते, शर्ट हलताना दिसत होता. वीस मिनिटांनी तशीच एकदम थांबली.

सकाळी डॉक्टरांकडे गेलो. ईसीजी काढला, नॉर्मल. ‘गॅस आहे, जागरण कमी करा.’ महिन्याभराने पुन्हा झालं. दुसरे डॉक्टर, पुन्हा ईसीजी, पुन्हा नॉर्मल. ‘टेन्शन आहे.’ झोपेची गोळी मिळाली. अम्मीला वाटलं नजर लागली. तिने दुआ पढून पाणी दिलं आणि मी ते प्रेमाने प्यायलो. आईची दुआ आपल्याला हवीच आहे. पण चूक आमची दुसरीकडे झाली. तीन वर्षं आम्ही दुखण्याला ‘टेन्शन’ म्हणत बसलो आणि पुढची तपासणी केलीच नाही.

इथे बरेच जण आयटीत आहेत, म्हणून त्यांच्या भाषेत सांगतो. जो बग कधीतरीच येतो, तो सर्वांत अवघड. सिस्टिम नीट चालू असताना तपासलं तर सगळं ठीकच दिसणार. बिघाड होत असताना लॉग मिळाला तरच कारण सापडतं. माझे ईसीजी चुकीचे नव्हते; ते चुकीच्या वेळी काढलेले होते.

शेवटी एका संध्याकाळी सारडा सर्कलजवळून जात असताना धडधड सुरू झाली. जवळच एका छोट्या दवाखान्यात ईसीजी मशीन होतं. धावत न जाता हळूहळू गेलो आणि म्हणालो, ‘आत्ता काढा, आत्ता.’ कागदावर आकडा आला १८८. तो एक कागद माझ्या तीन वर्षांच्या उत्तराइतका होता.

आतली वायरिंग

हृदय हा पंप आहे हे आपल्याला माहीत आहे. पण प्रत्येक पंपाला वीज लागते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, त्याला सायनस नोड म्हणतात. तो स्वतःहून मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा विजेचा इशारा देतो. इशारा वरच्या दोन कप्प्यांत पसरतो, मग मध्यभागी असलेल्या एव्ही नोडपाशी सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाइतका थांबतो, म्हणजे वरचे कप्पे आपलं रक्त खाली ओतून घेतात. मग इशारा तारांसारख्या तंतूंमधून खालच्या दोन कप्प्यांत जातो आणि रक्त अंगभर फेकलं जातं. दिवसाला सुमारे एक लाख वेळा हे घडतं.

यात बिघाड तीन तऱ्हेने होतो. इशारा फार हळू निघतो किंवा वाटेत अडतो, तेव्हा ठोके मंदावतात. इशारा एखाद्या वर्तुळात अडकतो, तेव्हा ठोके वेगाने धावतात. किंवा शेकडो इशारे एकाच वेळी सैरावैरा धावतात, तेव्हा लयच उरत नाही. अधूनमधून एखादा ठोका चुकल्यासारखं वाटणं मात्र बहुतेकांना होतं. तपासणीत हृदय निरोगी निघालं तर त्याची भीती बाळगू नये.

माझा बिघाड दुसऱ्या प्रकारचा होता. आपल्या द्वारका सर्कलचं उदाहरण घ्या. एक रिक्षा सर्कलमध्ये शिरते, तिने दुसऱ्या रस्त्याने बाहेर पडायला हवं. पण ती सर्कललाच गोल गोल फिरत राहिली आणि प्रत्येक फेरीला हॉर्न वाजवत राहिली तर? काही माणसांच्या एव्ही नोडमध्ये एकाऐवजी दोन वाटा असतात. इशारा एकीने खाली जातो, दुसरीने वर येतो आणि फिरतच राहतो. प्रत्येक फेरी म्हणजे एक ठोका. म्हणूनच धडधड एकदम सुरू होते आणि एकदम थांबते. मनाच्या घाबरण्याने वाढणारे ठोके सहसा हळूहळू चढतात आणि हळूहळू उतरतात. हा फरक डॉक्टरांना आवर्जून सांगा.

हे वर्तुळ एक क्षण तोडलं की झालं. डॉक्टरांनी निदान केल्यावर घरी करायची एक युक्ती शिकवतात. अर्धवट बसून, रिकाम्या सिरिंजच्या तोंडात पंधरा सेकंद जोरात फुंकायचं आणि लगेच आडवं होऊन कुणीतरी पाय वर उचलून धरायचे. २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या इंग्लंडमधील चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांची लय जागेवर आली. नुसतं फुंकून १७ टक्क्यांची. औषध लागत नाही, पैसे लागत नाहीत. नाही थांबली तर रुग्णालयात शिरेतून ॲडिनोसिन देतात. मला दिलं होतं. काही सेकंद छाती रिकामी झाल्यासारखी वाटते, माणूस मनातल्या मनात कलमा पढतो आणि मग लय परत येते.

कायमचा उपाय म्हणजे ॲब्लेशन. मांडीच्या सांध्याजवळच्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात. छाती उघडत नाहीत, मी जागा होतो. आधी डॉक्टरांनी माझी धडधड मुद्दाम सुरू केली. मला हसू आलं, कारण आम्हीही तेच करतो. आधी बग पुन्हा घडवून दाखवतो, मग दुरुस्त करतो. जास्तीची वाट सापडल्यावर तिथे टोकाने उष्णता देऊन ती बंद केली. माझ्या प्रकारच्या आजारात शंभरातील पंचाण्णवहून अधिक जण यातून बरे होतात. चुकून मुख्य वाटेला इजा होऊन पेसमेकर लागण्याचा धोका एक टक्क्याहून कमी असतो. तो मला सही घेण्याआधी सांगितला होता. दुसऱ्या दिवशी मी घरी होतो. ज्याला तीन वर्षं टेन्शन म्हटलं, ते दोन तासांत गेलं.

खालाच्या हातातला पेला

माझं प्रकरण सोपं होतं. आता जे सांगणार आहे ते सोपं नाही.

माझी खाला मालेगावची. खालू यंत्रमागावर होते. लहानपणी तिला घसादुखी आणि ताप आला, मग गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा सुजला. घरच्यांनी वाढीच्या वयातलं दुखणं म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या बाळाच्या वेळी जिना चढताना दम लागू लागला. तेव्हा कळलं की हृदयाची मायट्रल झडप आकसली आहे. फुग्याने झडप रुंद केली. पुढे लय बिघडली. नाडीला ताळ नाही. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. वरचे कप्पे आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. रक्त कोपऱ्यात साचतं, गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत जाऊ शकते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज आणि महिन्याला आयएनआरची रक्ततपासणी.

काही वर्षं तिने हे नीट केलं. मग हिरड्यांतून रक्त आलं, कुणीतरी म्हणालं गोळी गरम पडते. तपासणीला जायला कुणी सोबत नव्हतं. गोळी सुटली. एका पहाटे तिच्या हातातून चहाचा पेला पडला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेनात. घरच्यांनी अशक्तपणा समजून हाताला तेल चोळलं. दुपारी रुग्णालयात नेलं. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. वेळ निघून गेली होती. आज खाला बोलते, पण उजवा हात उचलत नाही. दुआसाठी ती एकच हात वर करते.

त्या काळात मी जे काम करत होतो ते सांगताना मला लाज वाटते. ग्राहकांना वेळेवर आठवण करून देणारे मेसेज पाठवण्याची प्रणाली मी लिहीत होतो. लाखो लोकांना ‘तुमचा हप्ता बाकी आहे’ असं कळवणारा कोड माझा होता. आणि माझ्या सख्ख्या खालाला महिन्यातून एकदा ‘तपासणी झाली का?’ एवढं विचारणारा एक फोन मी केला नाही.

ही फक्त आमच्या घरची गोष्ट आहे का? श्रीमंत देशांत एट्रियल फिब्रिलेशन हा मुख्यतः सत्तरीच्या आसपासचा आजार आहे. भारतातील हृदयलयतज्ज्ञांच्या संघटनेने देशभरातील २४ रुग्णालयांतील दीड हजारांहून अधिक रुग्णांची नोंद केली, ती २०१७ मध्ये इंडियन हार्ट जर्नलमध्ये आली. सरासरी वय निघालं सुमारे ५५. आणि जवळपास निम्म्या रुग्णांच्या मुळाशी होता संधिवाताच्या तापाने बिघडलेला झडपांचा आजार. म्हणजे बालपणीचा घसा.

ही साखळी समजून घ्या. ५ ते १५ वर्षांच्या मुलाला स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घशाचा संसर्ग होतो. एका खोलीत आठ माणसं झोपतात तिथे तो पटकन पसरतो. काही मुलांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती जंतूबरोबर स्वतःच्या सांध्यांवर आणि झडपांवरही हल्ला करते. डॉक्टरांमध्ये जुनी म्हण आहे की हा ताप सांध्याला चाटतो आणि हृदयाला चावतो. सांधा बरा होतो, झडप हळूहळू आकसते, वीस-तीस वर्षांनी लय बिघडते आणि मग लकवा. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावाच्या प्रसिद्ध अभ्यासात साध्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये लकव्याचा धोका पाच पटींहून अधिक, तर संधिवाताच्या झडपेसह सतरा पटींहून अधिक आढळला.

दिलासा हा की साखळी प्रत्येक कडीवर तोडता येते. घशाच्या संसर्गावर वेळेत प्रतिजैविक दिलं तर पुढचं टळतं. ताप येऊन गेला असेल तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, अनेक वर्षं. झडप बिघडली असेल तर चाळिशीपर्यंत किंवा आयुष्यभर. इंजेक्शन स्वस्त आहे, दुखतं मात्र खूप, म्हणून मुलं टाळतात आणि आया कळवळतात. लय बिघडली असेल तर रक्त पातळ करणारी गोळी.

या गोळीबद्दल चार शब्द, कारण आपल्याकडे गैरसमज फार आहेत. वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमारॉल घेणाऱ्याचा आयएनआर साधारण २ ते ३ मध्ये राहायला हवा. कमी असेल तर गुठळी, जास्त असेल तर रक्तस्राव. हिरड्यांतून रक्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, पण गोळी मनाने बंद करू नका. पालक-मेथी बंद करायची गरज नाही. रोजचं प्रमाण सारखं ठेवा. जडीबुटी किंवा दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. ‘तपासणी नको असलेली नवी गोळी घ्या’ असा सल्ला कुणी दिला तर थांबा. संधिवाताच्या झडपेच्या रुग्णांवर झालेल्या इन्व्हिक्टस या मोठ्या चाचणीत, २०२२ मध्ये, जुन्या पद्धतीच्या गोळ्यांवरील रुग्णांमध्ये नव्या गोळीपेक्षा मृत्यू कमी झाले. आणि रमजानची गोष्ट. रोजा ठेवायचा की नाही आणि गोळी इफ्तारनंतर घ्यायची की सहरीला, हे चंद्र दिसायच्या आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा. रमजान सुरू झाल्यावर गोळी गुपचूप सोडणं हा मार्ग नाही.

मंद ठोके, थांबलेले ठोके

चालताना चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, अचानक पडणं, विशेषतः वयस्कांमध्ये, हे ठोके मंद झाल्याचं लक्षण असू शकतं. त्यावर पेसमेकर. पहिला पूर्णपणे शरीरात बसवलेला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवला गेला. शस्त्रक्रिया ओके सेनिंग यांनी केली, यंत्र बनवलं होतं रूने एल्मक्विस्ट या इंजिनिअरने. ते पहिलं यंत्र काही तासच चाललं. पण लार्सन आयुष्यात २६ यंत्रं बदलत ८६ वर्षांचे होऊन २००१ मध्ये गेले. तेव्हा ‘पेसमेकर बसला म्हणजे माणूस संपला’ असं घरातल्या कुणी म्हटलं तर हा हिशेब सांगा. पेसमेकरवाल्याने नमाज पढावी, चालावं, काम करावं. मोबाइल मात्र छातीवरच्या खिशात ठेवू नये.

सर्वांत धोकादायक बिघाड खालच्या कप्प्यांचा. तिथे लय विस्कटली तर हृदय थरथरतं, रक्त फेकत नाही आणि काही सेकंदांत माणूस कोसळतो. ज्यांना हा धोका आहे त्यांच्या छातीत आयसीडी नावाचं यंत्र बसवतात. ते लय बघत राहतं आणि बिघडली की आतूनच झटका देतं. त्याची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर असते. इथे मुंबईची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. फिलाडेल्फियाचे डॉ. बेहझाद पावरी, मुंबईचे डॉ. यश लोखंडवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत रुग्णांच्या शरीरातून काढलेली, तीन वर्षं किंवा अधिक बॅटरी शिल्लक असलेली यंत्रं जमवली, मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात निर्जंतुक केली आणि ज्यांना परवडत नव्हतं अशा ८१ रुग्णांना १०६ यंत्रं बसवली. २०१२ मध्ये ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिनमध्ये निष्कर्ष आला. निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये यंत्राने धोक्याच्या क्षणी आपलं काम केलं आणि एकालाही संसर्ग झाला नाही. दुसऱ्याच्या कपाटात पडून राहिलं असतं ते इथे कुणाच्या तरी अब्बांचं हृदय सांभाळत होतं.

तुमच्यापैकी कुणी जिममध्ये किंवा क्रिकेट खेळताना बेशुद्ध पडलं असेल, किंवा घराण्यात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर ईसीजी आणि इको केल्याशिवाय पुन्हा मैदानात उतरू नका. ‘उपाशी होता म्हणून पडला’ हे उत्तर तपासणीनंतर चालेल, आधी नाही.

समोर कुणी कोसळलं, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर १०८ ला फोन करा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटीमीटर खोल, मदत येईपर्यंत. पाणी पाजू नका, कांदा हुंगवू नका. प्रत्येक मोहल्ल्यात दहा तरुण तरी हे शिकलेले असले पाहिजेत. शिकायला एक दुपार पुरते.

पैशाचं काय?

मला माहीत आहे, मनात हाच प्रश्न आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातील शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. पेसमेकर आणि झडपेचे उपचार त्यात येतात. नाशिकमध्ये शालिमारजवळ सरकारी संदर्भ सेवा रुग्णालय आहे, तिथे हृदयविकाराचा विभाग आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो; आधी त्याच्याकडे जा, मग पैशांची जुळवाजुळव करा. आधार आणि रेशन कार्डवरची नावं जुळत नसतील तर ती आत्ता दुरुस्त करा. आजारपणात तहसील कार्यालयाच्या फेऱ्या मारणं कुणालाच झेपत नाही. इथले जे मित्र फॉर्म भरण्यात तरबेज आहेत, त्यांनी आपल्या गल्लीतल्या दहा घरांची कार्डं तपासून द्यावीत. हे आपल्या हातातलं काम आहे.

धडधड होत असेल तर एक वही ठेवा. तारीख, वेळ, किती मिनिटं, एकदम सुरू झाली की हळूहळू, चक्कर आली का. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना होल्टरबद्दल विचारा. ते यंत्र चोवीस तास किंवा अधिक नोंद घेतं. ईसीजीवालं स्मार्टवॉच असेल तर त्या क्षणी तीस सेकंदांची पट्टी काढून डॉक्टरांना दाखवा. ते घड्याळ हार्ट अटॅक ओळखत नाही, हेही लक्षात ठेवा. छातीत दुखतंय, घाम सुटलाय, श्वास लागतोय तर घड्याळ बघत बसू नका, रुग्णालय गाठा.

आता मी सुरुवातीच्या जागी येतो. आज घरी गेल्यावर अम्मी-अब्बांच्या, नानी-दादींच्या शेजारी बसा. त्यांचा हात हातात घ्या, दोन बोटं मनगटावर ठेवा आणि एक मिनिट मोजा. लय सारखी असेल तर अल्हम्दुलिल्लाह म्हणा. गोंधळ वाटला तर या आठवड्यात ईसीजी काढा. आणि घरात कुणी रक्त पातळ करणारी गोळी किंवा पेनिसिलिनचं इंजेक्शन घेत असेल, तर पुढची तारीख तुमच्या मोबाइलमध्ये टाका, त्यांच्या नाही, तुमच्या.

मी आता दर महिन्याच्या पाच तारखेला खालाला फोन करतो. ती हसून म्हणते, ‘हो रे, झाली तपासणी, अडीच आला.’ हा फोन मी काही वर्षं आधी करायला हवा होता. तुम्ही उशीर करू नका.

माझ्या खालासाठी दुआ करा.